हौशी गोल्फमधील संथ खेळ : नियम, नीती आणि रांग यांची चिकित्सा

सारांश

हौशी गोल्फच्या फेऱ्या लांबत चालल्याची तक्रार जुनी आहे. तिच्यावर सुचविल्या जाणाऱ्या उपायांची भाषा मात्र मुख्यतः खेळाडूला उद्देशून केलेल्या उपदेशाची राहिली आहे. प्रस्तुत लेखात गोल्फची २०१९ ची सुधारित नियमावली, २०१३ ची अमेरिकेतील प्रचारमोहीम आणि ब्रिटनमधील व्यवस्थापनविषयक मार्गदर्शिका यांची चिकित्सा केली आहे. संथ खेळ व खोळंबा या दोन भिन्न गोष्टी असून खोळंब्याचे मूळ बहुतांशी मैदानाच्या वेळापत्रकात व रचनेत असते, हे येथे साध्या गणिताच्या आधारे दाखविले आहे. व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारला गेल्यास त्याची किंमत नवशिके, वयस्क व कॅडी यांना मोजावी लागते, असा लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : हौशी गोल्फ, खेळाची गती, नियमावली, रांगशास्त्र, क्रीडानीती, कॅडी.

१. प्रस्तावना

बहुतेक मैदानी खेळांना घड्याळाची चौकट असते. फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा असतो, क्रिकेटला षटकांची मर्यादा घालता येते. गोल्फला अशी चौकट नाही. अठरावा होल पूर्ण होईल तेव्हा फेरी संपते, मग त्याला तीन तास लागोत वा साडेपाच. शिवाय गोल्फचे मैदान एकाच वेळी अनेक गट वापरत असतात. सकाळी ठराविक अंतराने एकेक गट पहिल्या टीवरून निघतो आणि दिवसभर ही साखळी मैदानावरून पुढे सरकत राहते. त्यामुळे एका गटाचा विलंब त्या गटापुरता राहत नाही. तो मागे मागे पसरत जातो.

या वैशिष्ट्यामुळे गोल्फमधील गतीचा प्रश्न क्रीडाशास्त्रापुरता मर्यादित नाही. मर्यादित जागा, सामायिक वापर, ठरलेल्या वेळा आणि वाढत जाणारी रांग हे चित्र रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापासून महाविद्यालयाच्या प्रवेश-खिडकीपर्यंत सर्वत्र दिसते. रांग लांबली की दोष कोणाचा, हा प्रश्न तेथेही उपस्थित होतो आणि बहुधा त्याचे उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. गोल्फमध्ये हा प्रश्न लेखी नियमांच्या, मार्गदर्शिकांच्या व जाहिरातींच्या रूपाने विपुल प्रमाणात हाताळला गेलेला असल्याने त्या लेखनाची चिकित्सा उद्बोधक ठरते.

प्रस्तुत विवेचन हौशी गोल्फपुरते सीमित आहे. व्यावसायिक खेळाचा उल्लेख तुलनेपुरताच येईल.

२. दोन संज्ञा : संथपणा आणि खोळंबा

या विषयावरील लेखनात एक मूलभूत गल्लत आढळते. एखादा खेळाडू आपल्या पाळीला अधिक वेळ घेतो, यास आपण ‘संथपणा’ म्हणू. एखादा गट खेळावयास तयार असूनही पुढचा गट हलत नाही म्हणून थांबून राहतो, यास ‘खोळंबा’ म्हणू. फेरीचा एकूण वेळ हा चालणे, फटके, चेंडूचा शोध आणि प्रतीक्षा यांची बेरीज असतो. पहिल्या तीन घटकांवर खेळाडूचे काही नियंत्रण असते. चौथ्यावर जवळजवळ नसते.

फेरी पाच तासांची झाली, एवढ्यावरून खेळाडू संथ होते असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या पाच तासांत प्रत्यक्ष खेळ किती आणि थांबणे किती, हे पाहिल्याविना निदान होऊ शकत नाही. सकाळी सर्वप्रथम निघालेला गट आणि तीन तासांनी निघालेला गट यांच्या कौशल्यात फारसा फरक नसतानाही दुसऱ्याला कितीतरी अधिक वेळ लागतो, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. असे असूनही उपदेश दोघांनाही सारखाच केला जातो.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

गोल्फच्या उपलब्ध लिखित नियमांपैकी सर्वांत जुने नियम १७४४ मध्ये लीथ येथील खेळाडूंनी तयार केले. ते केवळ १३ होते. ज्याचा चेंडू होलपासून सर्वांत दूर असेल त्याने प्रथम खेळावे, हे तत्त्व त्यांतील बाराव्या नियमात आहे. त्या काळचा खेळ मुख्यतः मॅच प्ले पद्धतीचा होता. म्हणजे एकूण फटके न मोजता प्रत्येक होल कोणी जिंकला एवढेच पाहिले जाई. फटके मोजण्याच्या स्ट्रोक प्ले पद्धतीचा पहिला उल्लेख सेंट अँड्रूज येथे १७५९ मधील सापडतो.

हा भेद गतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्धी हातभर अंतरावरचा फटका ‘दिला’ असे म्हणू शकतो आणि हरलेला होल तेथेच सोडून पुढच्या टीकडे जाता येते. स्ट्रोक प्लेमध्ये मात्र नववा असो वा अकरावा, प्रत्येक फटका मारून चेंडू होलमध्ये घालावाच लागतो. १८८५ मध्ये हॉयलेक येथे सुरू झालेली ब्रिटिश हौशी अजिंक्यपद स्पर्धा मॅच प्ले पद्धतीचीच होती. हौशी खेळाडूने दर रविवारी व्यावसायिकाप्रमाणे संपूर्ण गुणपत्रक भरावे, ही अपेक्षा नंतरची आहे.

जुन्या काळी फेऱ्या किती वेगाने होत, याची कल्पना स्पर्धांच्या कार्यक्रमावरून येते. १८६० मध्ये प्रेस्टविक येथे झालेल्या पहिल्या ओपन स्पर्धेत आठ खेळाडूंनी १२ होलच्या मैदानाच्या तीन फेऱ्या, म्हणजे ३६ होल, एकाच दिवशी पूर्ण केल्या. अमेरिकेच्या ओपन स्पर्धेत १९६४ पर्यंत आणि ब्रिटनच्या ओपनमध्ये १९६५ पर्यंत अखेरच्या दिवशी दोन फेऱ्या, म्हणजे ३६ होल, खेळविले जात. फेरीला पाच तास लागत असते तर हा कार्यक्रम सूर्यप्रकाशात बसविणे अशक्यप्राय झाले असते.

यावरून ‘पूर्वीचे खेळाडू शिस्तीचे होते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो सावधपणे टाळला पाहिजे, कारण दरम्यान खेळाडूंबरोबर मैदानेही बदलली. त्यांची लांबी वाढली. घरबांधणी प्रकल्पांच्या भोवती आखलेल्या मैदानांत एका होलचे ग्रीन आणि पुढच्या होलचा टी यांतील अंतर वाढले. ग्रीनही अधिक वेगवान झाली. एडवर्ड स्टिम्प्सन यांनी १९३५ मध्ये ग्रीनचा वेग मोजण्याचे एक साधे उपकरण तयार केले. १९७८ मध्ये अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन म्हणजे यूएसजीए या नियामक संस्थेने त्याची सुधारित आवृत्ती मैदानांना उपलब्ध करून दिली. हेतू ग्रीनमध्ये एकसारखेपणा आणण्याचा होता; पण मोजता येऊ लागलेली गोष्ट स्पर्धेचा विषय होते. आपल्या क्लबची ग्रीन शेजारच्यापेक्षा वेगवान असणे भूषणावह ठरू लागले. वेगवान ग्रीनवर चुकलेला चेंडू दूर घरंगळतो, तिसरा पट लागतो आणि प्रत्येक पटापूर्वीची पाहणी लांबते. हा वेळ खेळाडूच्या खात्यावर मांडला जातो. त्याचा निर्णय मात्र मैदान समितीच्या बैठकीत झालेला असतो.

४. २०१९ ची नियमावली : एक वाचन

१ जानेवारी २०१९ पासून अमलात आलेली नियमावली ही अलीकडच्या काळातील सर्वांत व्यापक सुधारणा होय. यूएसजीए आणि सेंट अँड्रूज येथील आर अँड ए या दोन संस्थांनी मिळून नियमांची संख्या ३४ वरून २४ वर आणली. गतीशी संबंधित बदल पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटे करण्यात आली.
(आ) ग्रीनवरून पट करताना निशाणकाठी होलमध्येच ठेवण्यास मुभा मिळाली.
(इ) स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार असेल त्याने सुरक्षितपणे व जबाबदारीने आधी खेळावे, यास स्पष्ट अनुमती व प्रोत्साहन देण्यात आले. मॅच प्लेमध्येही परस्परसंमतीने क्रम बदलता येतो.
(ई) अडथळा नसताना खेळाडूने ४० सेकंदांच्या आत फटका मारावा, अशी शिफारस करण्यात आली.
(उ) प्रत्येक होलसाठी कमाल गुणसंख्या ठरविण्याच्या प्रकाराला नियमावलीत स्थान मिळाले. ती गाठली की खेळाडू चेंडू उचलू शकतो.
(ऊ) चेंडू हरवल्यास वा हद्दीबाहेर गेल्यास मागे न परतता दोन फटक्यांच्या दंडाने पुढे चेंडू टाकण्याचा पर्याय स्थानिक नियम म्हणून उपलब्ध झाला.

यांतील तिसरा बदल वैचारिकदृष्ट्या सर्वांत मोठा आहे. दूरच्याने प्रथम खेळावे हे १७४४ चे तत्त्व २७५ वर्षे टिकले होते. स्ट्रोक प्लेमध्ये क्रम मोडल्यास पूर्वीही सामान्यतः दंड नव्हता. तथापि तो औचित्यभंग मानला जाई. नव्या नियमावलीने ज्याला असभ्यपणा समजले जात होते त्यालाच सौजन्य ठरविले. क्रम हे शिष्टाचाराचे साधन होते. सामायिक मैदानावर इतरांचा वेळ वाचविणे हाही शिष्टाचारच आहे, ही जाणीव येथे व्यक्त होते. सहावा बदलही व्यवहारज्ञानाचा आहे. चेंडू सापडत नाही म्हणून मूळ जागी परतणारा खेळाडू मागून येणाऱ्या गटाच्या दिशेने उलटा चालू लागतो आणि साखळी तेथेच तुटते. हे नियमकर्त्यांनी ओळखले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

४० सेकंदांच्या शिफारशीविषयी मात्र अधिक बारकाईने विचार करावा लागतो. व्यावसायिक स्पर्धेच्या पहिल्या दोन दिवशी बहुधा तीन खेळाडूंचा गट असतो. प्रत्येकी ७० फटके धरल्यास गटाचे २१० फटके होतात. प्रत्येकाला ४० सेकंद दिल्यास ८,४०० सेकंद, म्हणजे २ तास २० मिनिटे लागतात. आता चार हौशी खेळाडूंचा गट घेऊ. प्रत्येकी ९५ फटके धरल्यास ३८० फटके होतात. त्यांना त्याच हिशेबाने १५,२०० सेकंद, म्हणजे ४ तास १३ मिनिटे लागतील. यात चालण्याचा एक मिनिटही धरलेला नाही. सुमारे ६,००० यार्डांच्या मैदानाची लांबी साडेपाच किलोमीटरच्या आसपास भरते आणि प्रत्यक्ष पायपीट त्याहून अधिक होते. म्हणजे चारही खेळाडूंनी शिफारशीची मर्यादा प्रत्येक फटक्याला पुरेपूर वापरली, तर एकही नियम न मोडता फेरी साडेपाच तासांच्या पुढे जाईल.

अर्थात जवळचे पट काही सेकंदांतच मारले जातात आणि नियमाच्या मजकुरातही बहुधा याहून लवकर खेळणे शक्य असते असे नमूद केले आहे. तरीही या आकडेमोडीतून एक गोष्ट स्पष्ट होते. हौशी गटाचा वेळ प्रत्येक फटक्याच्या कमाल मर्यादेने वाचत नाही. एकाचा फटका चालू असताना दुसऱ्याने तयारी पूर्ण करण्याने वाचतो. अंतर पाहणे, क्लब निवडणे, ग्रीनचा उतार वाचणे ही कामे समांतर झाली आणि प्रत्यक्ष पाळी सरासरी २० सेकंदांवर आली, तर तेच ३८० फटके सुमारे १२७ मिनिटांत संपतात. नियम म्हणून ४० सेकंदांचा आकडा लक्षात राहतो, परंतु हौशी खेळाडूला खरी गरज समांतर तयारीच्या सवयीची आहे. आकड्याला मिळालेले ठळक स्थान येथे काहीसे दिशाभूल करणारे ठरते.

पाचव्या बदलाबाबत खेदाची बाब अशी की, त्याचा उपयोग अपेक्षेइतका सार्वत्रिक झालेला नाही. कल्पना नवी नव्हती. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची गुणपद्धती वॉलसी येथे १९३२ मध्ये प्रथम स्पर्धेसाठी वापरली गेली. तीत एखाद्या होलवर गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढे जाता येते. कमकुवत खेळाडूची एका होलवरील आपत्ती संपूर्ण फेरी बिघडवीत नाही आणि मागच्यांचा वेळही खात नाही. हौशी खेळासाठी गती आणि आनंद यांचा मेळ घालणारी ही पद्धती हाताशी असताना अनेक क्लब पूर्ण फटके मोजण्याला अधिक ‘खरा’ खेळ मानतात, यामागे प्रतिष्ठेची भावना आहे.

५. रांगेचे गणित

नियमपुस्तकाची मर्यादा जेथे येते तेथून रांगशास्त्राचे क्षेत्र सुरू होते. गोल्फ मैदानाचा या दृष्टीने अभ्यास झालेला आहे. अँड्र्यू टायगर व स्कॉट साल्झर यांनी २००४ मध्ये मैदानावरील दिवसभराच्या खेळाचे संगणकीय प्रतिरूप विद्यार्थ्यांना व्यवस्थेतील अडसर शोधण्यास शिकविण्यासाठी मांडले. कोलंबिया विद्यापीठातील वॉर्ड व्हिट यांनी २०१५ मध्ये मैदानाच्या कमाल क्षमतेचे गणिती विवेचन केले. या अभ्यासांमागील मूळ कल्पना साध्या उदाहरणाने समजावून घेता येते.

पार-चार होलवर एक गट ग्रीनवर असताना दुसरा टीवरून खेळू शकतो. पार-पाचवर तीन गटही मावू शकतात. पार-तीन होलवर मात्र टीवरून मारलेला चेंडू थेट ग्रीनवर जात असल्याने एका वेळी एकच गट खेळू शकतो. पार-चार व पार-पाच ही खाणावळ आहे. जागा रिकामी होईल तसतसे लोक बसतात. पार-तीन ही पंगत आहे. पहिली पंगत उठल्याखेरीज दुसरी बसू शकत नाही.

समजा, पार-तीन होलवर चौघांना टीवरून मारण्यास ३ मिनिटे, चालत जाण्यास २ मिनिटे आणि ग्रीनवरील खेळास ५ मिनिटे, अशी एकूण १० मिनिटे लागतात. मैदानाने मात्र दर ८ मिनिटांनी एक गट सोडण्याचे ठरविले आहे. पहिला गट विनाअडथळा जाईल. दुसऱ्याला २ मिनिटे थांबावे लागेल, तिसऱ्याला ४, दहाव्याला १८, विसाव्याला ३८ आणि तिसाव्याला ५८ मिनिटे. पहिला गट सकाळी ७ वाजता निघाला असेल तर तिसावा गट १० वाजून ५२ मिनिटांनी निघतो. त्या चौघांनी एकही फटका मारण्यापूर्वी त्यांच्या नशिबी सुमारे तासाभराचा खोळंबा लिहिला गेलेला असतो. आधीच्या होलवर त्यांनी कितीही घाई केली तरी फरक पडत नाही. ते फक्त रांगेत लवकर येऊन उभे राहतात.

आता क्लबच्या हिशेबाकडे पाहू. ८ मिनिटांच्या अंतराने ताशी साडेसात गट, म्हणजे ३० खेळाडू सोडले जातात. १० मिनिटांच्या अंतराने ६ गट, म्हणजे २४ खेळाडू. ८ मिनिटांचे वेळापत्रक ताशी सहा अधिक खेळाडूंचे शुल्क मिळवून देते. परंतु पार-तीन होलमधून ताशी २४ च खेळाडू बाहेर पडू शकतात. उरलेले सहा जण मैदानावर साठत जातात. त्यांनी शुल्क खेळासाठी भरलेले असते. त्यांच्या पदरी रांगेतील जागा पडते. दिवसाच्या अखेरीस मैदान अधिक फेऱ्या विकते खरे, परंतु त्या फेऱ्यांचा दर्जा उतरलेला असतो आणि उतरलेल्या दर्जाचे खापर ‘संथ खेळाडूं’वर फोडले जाते.

याच गणितातून उपायही दिसतो. पार-तीन होलवर पुढचा गट ग्रीनवर पोहोचल्यावर त्याने बाजूला उभे राहून मागच्या गटाला टीवरून मारू द्यावे आणि मागचा गट चालत येईतो आपला खेळ संपवावा, अशी एक जुनी पद्धत आहे. वरील उदाहरणात तिच्यामुळे चालण्याची २ मिनिटे पुढच्या गटाच्या पटिंगमध्ये सामावतात आणि दोन गटांमधील अंतर १० वरून ८ मिनिटांवर येते. खेळाडूंना घाई न करता, केवळ क्रमाची पुनर्रचना करून खोळंबा नाहीसा होऊ शकतो. व्हिट यांच्या विवेचनात या पद्धतीचाही विचार केलेला आहे. खेळाडूला मागाहून हाकण्यापेक्षा हे किती वेगळे आहे, हे सांगणे नलगे.

येथे एका संभाव्य आक्षेपाचा विचार करणे उचित होईल. वरील उदाहरणात प्रत्येक गट सारखाच वेळ घेतो असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात एखादा गट खरोखरच मंद असतो आणि त्याच्यापुढे संपूर्ण होल रिकामा पडलेला दिसतो. अशा वेळी तो गट स्वतःच अडसर बनतो आणि त्याला समज देणे वा मागच्यांना पुढे जाऊ देण्यास सांगणे योग्यच आहे. म्हणूनच अनुभवी व्यवस्थापक ‘तुम्ही मागच्याच्या किती पुढे आहात’ हे न पाहता ‘पुढच्याच्या किती मागे आहात’ हे पाहतात. पुढे मोकळी जागा असेल तर तो संथपणा. पुढे गट उभा असेल तर तो खोळंबा. ही एकच कसोटी प्रामाणिकपणे लावली, तरी निम्म्याहून अधिक वाद मिटावेत.

६. दोषारोपाची भाषा

यूएसजीएने २०१३ मध्ये गतीविषयक मोहीम सुरू केली. तिचे घोषवाक्य ‘कॅडीशॅक’ या १९८० च्या विनोदी चित्रपटातील एका कोपरखळीवरून घेतलेले होते. टायगर वूड्स, अर्नोल्ड पामर, अनिका सोरेनस्टाम, क्लिंट ईस्टवूड यांसारखी प्रसिद्ध मंडळी तिच्या जाहिरातींत दिसली. मोहिमेच्या व्यापक आराखड्यात मैदानाची रचना व व्यवस्थापन यांचाही अभ्यास अंतर्भूत होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु जाहिरातीचे माध्यम आपला विषय स्वतः निवडते. टीवर रेंगाळणाऱ्या माणसाची थट्टा दाखविता येते. आठ मिनिटांच्या वेळापत्रकाची थट्टा दाखविणे कठीण. परिणामी प्रेक्षकाच्या मनात ठसते ती संथ माणसाची प्रतिमा.

आर अँड ए ने नोव्हेंबर २०१५ मध्ये सेंट अँड्रूज येथे याच विषयावर परिषद घेतली. त्या सुमारास तयार झालेल्या तिच्या मार्गदर्शिकेत व्यवस्थापन, मैदान आणि खेळाडूंचे वर्तन अशा तिन्ही अंगांचा विचार आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मांडणी अधिक प्रगल्भ आहे, कारण ती प्रश्न एका व्यक्तीवर ढकलत नाही. दुर्दैवाने मार्गदर्शिका क्लबच्या कार्यालयात राहते आणि थट्टा मैदानावर पोहोचते.

याचा परिणाम कोणावर होतो? ज्यांची क्लबमधील पत भक्कम आहे अशा जुन्या सदस्याला कोणी सहसा हटकत नाही. मागच्यांच्या नजरा टोचतात त्या नवशिक्याला, वयस्क खेळाडूला, पहिल्यांदाच क्लबच्या मैदानावर आलेल्या महिलेला. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होत आहे या भावनेने त्यांचे फटके आणखी बिघडतात. त्यातील काही जण पुन्हा फिरकत नाहीत. प्रत्यक्षात खोळंबा त्यांच्या कितीतरी पुढे, एखाद्या पार-तीन होलवर निर्माण झालेला असू शकतो.

२०१३ च्या मास्टर्स स्पर्धेतील प्रसंग या संदर्भात बोलका आहे. चीनचा १४ वर्षांचा हौशी खेळाडू ग्वान त्यानलांग याला दुसऱ्या फेरीत सतराव्या होलवर संथ खेळासाठी एका फटक्याचा दंड झाला. नियमानुसार निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण पीजीए टूरच्या स्पर्धांत संथ खेळासाठी फटक्याचा दंड १९९५ नंतर थेट २०१७ मध्ये झाला, हे लक्षात घेतले की प्रश्न पडतो. दोन दशकांहून अधिक काळ प्रौढ व्यावसायिकांना जो दंड झाला नाही, तो एका शाळकरी हौशी खेळाडूच्या वाट्याला आला. दोन्ही स्पर्धांचे नियामक निराळे होते हे खरे. तरीही दंडाची धार ज्याची पत सर्वांत कमी त्याच्यावर प्रथम उतरते, ही सामाजिक नियमांविषयीची सामान्य शंका येथे बळावते. त्या मुलाने दंडाविषयी कुरकुर न करता पुढील दोन फेऱ्यांसाठी पात्रता मिळविली, ही गोष्ट त्याच्या संस्काराची साक्ष देते.

७. भारतीय संदर्भ : आगेवाला आणि कॅडी

ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ मध्ये कोलकात्यात स्थापन झाला; मुंबईत चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. पाश्चात्त्य देशांतील बहुसंख्य हौशी खेळाडू आज आपली पिशवी स्वतः वाहतात किंवा मोटारगाडी वापरतात. भारतातील क्लबांत कॅडी बरोबर घेण्याची प्रथा टिकून आहे. काही ठिकाणी फटका पडण्याच्या टप्प्यावर पुढे उभे राहून चेंडू कोठे गेला हे पाहणारा ‘आगेवाला’ही असतो.

गतीच्या दृष्टीने आगेवाल्याचे काम लक्षणीय आहे. नियमपुस्तकाने शोधाची मुदत पाचाची तीन मिनिटे केली. आगेवाला ती काही सेकंदांवर आणतो. पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत ज्यासाठी रफमधील गवत कापण्याची शिफारस असते, ते काम येथे एका माणसाची नजर करते. तरीही गतीविषयक चर्चेत हा श्रमिक क्वचितच दिसतो. खेळाडूचा वाचलेला वेळ हा अनेकदा कोणाच्या तरी श्रमातून वाचलेला असतो, याची नोंद नियमावलीत असण्याचे कारण नाही. समीक्षेत मात्र ती असली पाहिजे.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. कॅडीला सामान्यतः फेरीगणिक मजुरी मिळते. फेरी चार तासांत संपली तर त्याला दिवसात दुसरी फेरी मिळण्याची शक्यता असते. ती साडेपाच तासांवर गेली तर बहुधा नाही. खेळाडूच्या लेखी खोळंबा म्हणजे वाया गेलेली सकाळ. कॅडीच्या लेखी तो बुडालेला रोज असतो. वेळापत्रकात गट दाटीने बसवून क्लब जे अधिक शुल्क मिळवतो त्यातील काही भाग अशा रीतीने कॅडीच्या मिळकतीतून वळता होतो. घाईचा उपदेश मात्र बहुधा त्यालाच ऐकावा लागतो, कारण पिशवी घेऊन पुढे धावायचे असते ते त्यानेच.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. संथपणा व खोळंबा यांचे निदान स्वतंत्रपणे झाले पाहिजे. पुढच्या गटापासूनचे अंतर ही त्यासाठी पुरेशी व सोपी कसोटी आहे.

२. २०१९ च्या नियमावलीने अनावश्यक विलंब दूर करण्याचे काम चांगल्या रीतीने केले आहे. विशेषतः तयार असलेल्याने आधी खेळण्याचे तत्त्व हौशी खेळाला उपकारक आहे. ४० सेकंदांच्या मर्यादेपेक्षा समांतर तयारीचे शिक्षण अधिक उपयुक्त ठरेल.

३. टीवरील दोन गटांमधील अंतर मैदानातील सर्वांत मंद होलच्या वेळेपेक्षा कमी ठेवल्यास खोळंबा अटळ असतो. वेळापत्रक आखणाऱ्याने प्रथम आपल्या पार-तीन होलवर घड्याळ घेऊन उभे राहावे.

४. रोजच्या हौशी खेळासाठी मॅच प्ले, स्टेबलफोर्ड, कमाल गुणसंख्या आणि नऊ होलच्या फेऱ्या यांना दुय्यम न मानता प्रतिष्ठा द्यावी. खेळाडूच्या ताकदीनुसार पुढील टीवरून खेळण्यातही कमीपणा मानू नये.

५. ग्रीनचा वेग आणि रफची उंची ठरविताना त्याचा वेळेवर होणारा परिणाम मैदान समितीने विचारात घ्यावा.

६. कॅडीच्या मजुरीत फेरीच्या कालावधीचा विचार व्हावा, म्हणजे खोळंब्याची किंमत ती निर्माण करणाऱ्या व्यवस्थेलाच मोजावी लागेल.

खेळ जलद व्हावा ही मागणी रास्त आहे. दुसऱ्याचा वेळ वाया घालवू नये, हे तत्त्व तर गोल्फच्या शिष्टाचाराचा गाभाच आहे. परंतु हे तत्त्व खेळाडूला लागू होते तसे वेळापत्रक आखणाऱ्यालाही लागू होते. जेथे आठ मिनिटांची वाट विकली जाते आणि दहा मिनिटांची वाट उपलब्ध असते, तेथे खेळाडूने कितीही पाय उचलले तरी दोन मिनिटांची तूट भरून निघत नाही. ती तूट कोठून आली हे विचारण्याचा अधिकार सर्वांत मागच्या गटातील नवशिक्याला आणि त्याची पिशवी वाहणाऱ्या कॅडीलाही आहे.